दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं नाही: जिममधल्या दुखापतीनंतर या चुका टाळा

“सर, आता अजिबात दुखत नाही. आज जुनं वजन लावून बघू का?”

हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने “आता अजिबात” म्हणताच माझं “नाही” तयार असतं. मी फिजिओथेरपिस्ट नाही. पंधरा-सोळा वर्षं लोखंड उचलणारा माणूस आहे. त्यातले काही महिने फिजिओच्या टेबलावर पालथं पडून गेले, आणि आता नवशिक्यांना शिकवतो. माणसं दरवर्षी नवी येतात, चुका त्याच घेऊन येतात.

आधी ज्या बाबतीत माझं मत विचारायचंच नाही ते सांगून टाकतो. कंबर दुखतेय आणि जांघेच्या आतल्या बाजूला, बसताना टेकतो त्या जागी बधिर वाटतंय, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेलाय, पाऊल वर उचलता येत नाहीये, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. मिक्स ग्रिपने (एक तळहात समोर, दुसरा मागे) डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना तळहात समोर केलेल्या हाताच्या कोपरात फट्‌कन आवाज आला आणि दंडाचा गोळा वर सरकला, किंवा बेंचवर पाठीवर झोपून बार छातीकडे खाली आणताना काखेजवळ काहीतरी फाटलं आणि निळंकाळं पडलं, तरी हाडांच्या डॉक्टरकडे लगेच जा. हाडापासून सुटलेली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोडणं सोपं असतं. नंतर ती आक्रसते आणि काम अवघड होतं. अशा वेळी “महिनाभर बघू” म्हणणाऱ्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

“करून बघतो”

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

माझी कंबर गेली 140 किलोच्या डेडलिफ्टला. तिसरा सेट, पाचवा रेप, म्हणजे पाचवी उचल. चौथ्यालाच कुल्ले आधी वर जायला लागले होते, पाठ गोल होत होती, आणि हे मला कळत होतं. पण पाच ठरवले होते, म्हणून पाच केले. कमरेत चमक निघाली आणि बार हातातून सुटला. तीन दिवस बुटाची नाडी बांधता येत नव्हती. फिजिओ मॅडमनी पायांची ताकद, संवेदना सगळं तपासलं आणि पहिला आठवडा नुसतं चालायला लावलं. दुसऱ्या आठवड्यात पाठीला काठी धरून कुल्ल्यातून वाकायचा सराव. काठी डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात 8 किलोची केटलबेल, म्हणजे मूठ असलेला लोखंडी गोळा. 140 उचलणाऱ्या माणसाच्या हातात 8 किलो!

19 व्या दिवशी सकाळी उठलो तर कंबर दुखत होती हे विसरूनच गेलो होतो. संध्याकाळी जिममध्ये 60 लावलं. मग 100. मग 120. सगळं सहज उठलं. घरी जाताना मॅडमच्या केटलबेलला मनातल्या मनात हसलोही. दुसऱ्या दिवशी पहाटे कूस बदलायला पाच मिनिटं लागली. सहा आठवड्यांचं काम पाच महिन्यांवर गेलं. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी फक्त वहीचं पान उलटलं आणि वर लिहिलं, “चालणे.”

होतं काय, तर सुरुवातीची सूज ओसरली की दुखणं भराभर कमी होतं. पण आतल्या स्नायूला, अस्थिबंधाला, कंडरेला जुना भार पेलण्याइतकं तयार व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, तो त्यातल्या त्यात लवकर सावरतो. कंडरेला कमी मिळतं, तिचं काम महिन्यांचं. या मधल्या काळात माणसाला काही दुखत नसतं आणि तो सगळ्यात कच्चा असतो. शिवाय 120 उठतं तेव्हा काहीच होत नाही. शरीर त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी देतं.

म्हणून आता माझी सवय अशी. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नसेल, तरच वजन वाढवायचं. वाढलं असेल तर एक पायरी खाली, पण व्यायाम बंद नाही. मी परत आलो तेव्हा जुन्या वजनाच्या निम्म्यावर, म्हणजे 70 वर सुरू केलं आणि आठवड्याला 5 किलो वाढवलं. सुरुवातीला बार जमिनीवरून न उचलता ठोकळ्यांवर ठेवून, म्हणजे कमी वाकावं लागतं. 70 ते 140, चौदा आठवडे. हा हिशोब सांगितला की समोरच्याचा चेहरा पडतो. पडू दे. तुमच्या फिजिओने वेगळा वेग सांगितला असेल तर त्यांचं ऐका, माझं नाही. पण “मित्राने तीन आठवड्यांत केलं” हा वेग कुणाचाच नसतो.

घाई किती फोल आहे हे बघायचं तर हाकन आल्फ्रेडसन या स्वीडनच्या डॉक्टरने 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. टाचेवरच्या कंडरेच्या जुन्या दुखण्यासाठी त्याने पायरीवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम दिला. दिवसातून दोनदा, मिळून रोज 180 वेळा, 12 आठवडे. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पळायला लागले. आमच्या जिममध्ये रोज 180 म्हटलं की चौथ्या दिवशी माणूस विचारतो, “दुसरा काही व्यायाम नाही का?”

फिजिओला अर्धंच सांगणं

एक मुलगा खांदा धरून आला. दोन महिने फिजिओथेरपी करूनही फरक नाही, “त्याने काही होत नाही” असा त्याचा निकाल. मी विचारलं, तिथे काय सांगितलंस? “खांदा दुखतो म्हणून.” बस्स. आठवड्यातून चार दिवस बेंच मारतो, आठवड्याआड नवा पीआर, म्हणजे स्वतःचा विक्रम, काढायला जातो आणि उपचार सुरू असतानाही हे सगळं चालूच आहे, यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी खुर्चीत बसून काम करणाऱ्याला देतात तसा पातळ रबरी पट्ट्याचा व्यायाम दिला. सकाळी पट्टा, संध्याकाळी बेंच. खांदा कसा बरा होणार?

मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. मागच्या दोन महिन्यांचं काय, किती वजन, किती सेट हे लिहून न्या. दुखणाऱ्या लिफ्टचा बाजूने काढलेला व्हिडिओ मोबाइलमध्ये न्या. आणि तुम्हाला परत किती वजन उचलायचंय ते फिजिओला आकड्यात सांगा. नाहीतर “जिना चढता येतो ना, मग झालात बरे” इथेच उपचार संपतात. आणखी एक. दहा-दहा सिटिंग नुसता मशीनचा शेक आणि करंट चाललाय, घरी करायला एकही व्यायाम दिलेला नाही, तर विचारा. शेकाने बरं वाटतं, माझीही तक्रार नाही. पण टेबलावर झोपून कुणाची कंबर 100 किलोला तयार झालेली मी पाहिली नाही.

“मोठे खेळाडू कसे पटकन परत येतात?” हा प्रश्न हमखास येतो. मीराबाई चानूला 2018 मध्ये कमरेच्या दुखापतीमुळे आशियाई स्पर्धा सोडाव्या लागल्या. पण 2020 च्या अखेरीस ती अमेरिकेत एरन हॉर्शिगकडे गेली, जो स्वतः वेटलिफ्टिंग केलेला फिजिकल थेरपिस्ट आहे. तिथे शरीराच्या दोन बाजूंमधला असमतोल शोधून त्यावर काम झालं. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला 119 किलोचा क्लीन अँड जर्कचा (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) विश्वविक्रम, जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये दोन्ही प्रकार मिळून 202 किलो उचलून रौप्यपदक. 2018 ते 2021. याला पटकन म्हणत असाल तर म्हणा.

बाकीच्या, थोडक्यात

एमआरआयचा रिपोर्ट वाचून हाय खाणं. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्यांमध्ये झीज दिसली होती. ऐंशीच्या वयात 96 टक्के. “गादी सरकली” हे शब्द कागदावर दिसले म्हणून आयुष्यभर वाकायचं नाही, असं नसतं.

पूर्ण आराम आणि बर्फ. बर्फ-आरामाचा जो फॉर्म्युला सगळ्यांना पाठ आहे तो 1978 मध्ये अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी मांडला. 2014 मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांनी भरून येणं लांबू शकतं. दोन-तीन दिवस जपा, मग झेपेल तेवढी हालचाल सुरू करा.

वर्कआउटच्या आधी पेनकिलर. नको.

बेल्ट घालून दुखऱ्या कमरेने स्क्वॉट. तेही नको.

ताणलेल्या मांडीला दिवसभर स्ट्रेचिंग करत राहणं. फाटल्या जागी ओढू नका.

कुणाकडून तरी कडाकडा मान-पाठ मोडून घेणं. आवाज येतो, एवढंच.

आणि एक उलटी चूक, जी हल्ली जास्त दिसतेय. दुखणं जाऊन वर्ष झालं तरी माणूस रबरी पट्ट्यावरच अडकलेला. बारजवळ जाताना घाम फुटतो. याच्यावर ओरडून उपयोग नसतो. मी 20 किलोचा नुसता बार ठोकळ्यांवर ठेवतो, पाच रेप करून घेतो आणि घरी पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून “कशी आहे कंबर?” एवढंच विचारतो. “ठीक आहे” म्हणाला की पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोच्या प्लेट.