कवडीपाटला निघण्यापूर्वी

रविवारी सकाळी पक्षी पाहायला सोलापूर रस्त्याने पुण्याजवळ मुळा-मुठेच्या काठी असलेल्या कवडीपाटला जायचे असेल, तर पक्ष्यांच्या नोंदीची तयारी शनिवारी रात्रीच उरकून घ्यावी. चक्रवाकांची जोडी समोर पाण्यात उतरलेली असताना पासवर्ड आठवत बसण्याची वेळ आपल्या गटातल्या निम्म्या लोकांवर एकदा तरी आलेली आहे. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याच्या संकेतस्थळावर, प्रत्येकाचे स्वतःचे खाते असावे, त्याच्या ॲपमध्ये आपल्या भागाचा पक्ष्यांच्या नावांचा पॅक घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे नदीकाठी रेंज गेली तरी यादी अडत नाही. जागा निवडताना नकाशावर नवी खूण न रोवता कवडीचा जो हॉटस्पॉट, म्हणजे सर्वांसाठी सामाईक ठरवलेली जागा, आधीपासून आहे तोच घ्यावा. एकाच बंधाऱ्याच्या पाच खुणा झाल्या की त्या जागेच्या नोंदी पाच ठिकाणी विखुरतात.

सामानाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, काच पुसायला मऊ फडके, मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, पूर्ण चार्ज केलेला फोन आणि जुनी वही-पेन्सिल एवढे पुरे. मुळा-मुठेच्या पाण्यावरचा फेस आणि वास पाहता रुमालही असू द्यावा. थंडीच्या दिवसांत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा त्याच वेळी काठावर असावे.

खरी तयारी आहे ती यादी कोण ठेवणार हे निघण्यापूर्वी ठरवण्याची. दहा जण गेले आणि दहाही जणांनी आपापली यादी भरली, तर तेच शेकाटे दहा वेळा मोजले जातात; म्हणून एकानेच नोंद ठेवावी, बाकीच्यांनी पक्षी दाखवावेत आणि मोजणीत मदत करावी, आणि परतल्यावर ती यादी सर्वांच्या खात्यांशी शेअर करावी. सुरुवातीची वेळ, लागलेली मिनिटे, चाललेले अंतर आणि माणसांची संख्या या चार गोष्टी दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोपेक्षाही मोलाच्या आहेत, असे माझे ठाम मत आहे, कारण किती कष्टांत किती पक्षी दिसले हे त्यांच्यावरूनच कळते. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतलो, तर अंतर एकदाच धरावे. गेल्या हिवाळ्यात मी स्वतः नोंद थांबवायला विसरून थेट हडपसरला मिसळ खायला गेलो आणि यादीत नदीकाठची ‘पायपीट’ कित्येक किलोमीटरांची झाली. दुपारी घरी बसून ती दुरुस्त करावी लागली. शक्यतो तासाभराने यादी बंद करून नवी उघडावी, आणि तिथून पाषाण तलावावर जायचे असेल तर त्याची यादी वेगळी असावी.

‘दिसलेले आणि ओळखलेले सर्व पक्षी नोंदवलेत का’ या ॲपच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे असेल, तर कावळा, कबुतर, साळुंकी आणि घार यांनाही यादीत जागा द्यावी लागते. यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेला पक्षी त्या वेळी आढळला नाही असे अभ्यासकाला धरता येते, आणि नेमके कावळ्यालाच ‘तो काय, रोजचाच’ म्हणून गाळले तर शहरातला कावळा कमी होतोय की वाढतोय हे कधी कळणार नाही. मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत बसवावा आणि मग तसे किती तुकडे होतात ते पाहावे. अंदाजाने का होईना, आकडा लिहावा, ‘एक्स’ टाकणे, म्हणजे पक्षी होता एवढेच सांगून आकडा न देणे, हा शेवटचा उपाय. एखाद्या पक्ष्याची संख्या त्या महिन्याच्या मानाने जास्त वाटली, तर ॲप तिथेच खुलासा विचारते आणि पुढे स्वयंसेवक तपासनीस ती नोंद पाहतात. त्यामुळे तुतारी पक्ष्यासारखी गोंधळाची ओळख असेल तेव्हा ‘तुतारीच होती’ एवढे लिहून भागत नाही. खांद्यापाशी छातीच्या कडेने वर चढलेला पांढरा पट्टा दिसला का, शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलत होता का, हे तिथल्या तिथे वहीत टिपून ठेवावे. ओळख पटली नाही तर ‘तुतारी, जात अनिश्चित’ असे नोंदवण्यात कमीपणा नाही.

फोटो काढायला घरट्याजवळ जाऊ नये, आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्षी बोलावू नये, आणि घुबडाची ढोली सापडली तर तिचा नेमका पत्ता व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. सामाईक यादी आली की प्रत्येकाने ती उघडून स्वतःला न दिसलेले पक्षी आपल्या प्रतीतून काढावेत. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षीगणनेसाठी याच सवयी कामी येतात. तिथे पंधरा मिनिटांची यादी गच्चीवरूनही चालते. कवडीच्या सगळ्या याद्या ‘ट्रिप रिपोर्ट’मध्ये एकत्र करून त्याचा दुवा सोमवारी गटावर पाठवला जाईल, तेव्हा दुरुस्त्या रविवारी रात्रीपर्यंत आटोपाव्यात.