प्रोस्टेट कॅन्सर पसरलाय? पहिल्या उपचारात या चुका टाळा

हाडांच्या स्कॅनमध्ये डाग दिसले की घरचे म्हणतात, "डॉक्टर, इंजेक्शन आजच देऊन टाका." घाईमागची भीती मला कळते. पण सगळ्यात जास्त नुकसान याच घाईत होताना पाहिलंय.

गोळीआधी इंजेक्शन. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्यावर हा कॅन्सर वाढतो ते पुरुषी हार्मोन, खाली आणतात, पण आधी ते काही दिवस वर उसळतं आणि त्यावर गाठी सुजतात. सत्तरीतल्या एका काकांच्या मणक्यात गाठी होत्या, पाठ दुखत होती. दुसरीकडे कुणीतरी रिपोर्ट बघून त्याच दिवशी इंजेक्शन टोचलं. आठवड्याभरात काकांना बाथरूममधून उठता येईना. आमच्याकडे आणलं तेव्हा पाय बधिर होते आणि लघवी अडकलेली. एमआरआयमध्ये मज्जारज्जू दाबलेला दिसला. तातडीने स्टेरॉइड आणि रेडिएशन दिलं, पण काका नंतर वॉकरशिवाय चालले नाहीत.

माझी सवय ठरलेली आहे. आधी टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी बायकॅल्युटामाइडची गोळी, आठवड्याने इंजेक्शन, आणि गोळी पुढे काही आठवडे चालू. पाय जड वाटत असतील तर आधी मणक्याचा एमआरआय. धोका दिसला तर उसळी न आणणारं डेगारेलिक्स, नाहीतर अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया. तिला लोक नाक मुरडतात, पण टेस्टोस्टेरॉन तासांत उतरतं आणि दर महिन्या-तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा खर्च वाचतो.

जुन्या पीएसएवर (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा) विसंबणं. उपचाराच्या आदल्या दिवशीचा पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही लिहून ठेवा.

"पीएसए उतरला, आता पुरे." या वाक्याचा मला खरोखर राग येतो. नुसत्या इंजेक्शनने पीएसए बहुतेकांचा उतरतोच. त्यावरून तेवढाच उपचार पुरेसा आहे हे सिद्ध होत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चार्टेड चाचणीत, आजार जास्त पसरलेल्या रुग्णांना इंजेक्शनसोबत सुरुवातीलाच डोसिटॅक्सेल या केमोच्या ६ सायकल दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३२ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेलं. पुढे ॲबिराटेरोन, एन्झाल्युटामाइड, अपाल्युटामाइड या हार्मोनविरोधी औषधांनीही सुरुवातीलाच जोड दिल्यावर आयुष्य वाढतं हे दाखवलं. "दुसरं औषध नंतर बघू" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची तब्येत 'नंतर' केमो झेपण्यासारखी उरलेली नसते. प्रकृती अगदी नाजूक असेल तर एकट्या इंजेक्शनवर थांबणं ठीक, पण तो विचार करून घेतलेला निर्णय असावा. आणि उसळी रोखायला दिलेली बायकॅल्युटामाइड म्हणजे हे दुसरं औषध नव्हे.

सगळ्यांना एकच माप. गाठी किती, कुठे, यकृत-फुप्फुसात आहेत का, हे मोजल्याशिवाय केमो ठरवू नका. हाडांत मोजक्याच गाठी असतील तर प्रोस्टेटवरच्या रेडिएशनचाही फायदा होतो. ते विचारायचं राहून जातं.

फिट येण्याचा इतिहास न सांगणं. एन्झाल्युटामाइडने फिट येऊ शकते, म्हणून तिथे हे महागात पडतं.

"स्टेरॉइड वाईट" म्हणून प्रेडनिसोलोन बंद करणं. ॲबिराटेरोनसोबत दिलेली ही छोटी स्टेरॉइडची गोळी, ॲबिराटेरोन चालू ठेवून, परस्पर सोडली की बीपी चढतं, पोटॅशियम घसरतं, पायांवर सूज येते. ॲबिराटेरोन रिकाम्या पोटी घ्या. जेवणासोबत घेतली तर रक्तातलं प्रमाण कित्येक पट वाढतं. सुरुवातीचे तीन महिने मी दर दोन आठवड्यांनी लिव्हरची तपासणी, आणि बीपी-पोटॅशियम निदान महिन्याला बघतोच. रुग्ण कंटाळतात, तरी बघतो.