शिंपल्यांतली रेतीची कचकच अशी गेली

वैनगंगेचे शिंपले घरी शिजवले की दुसऱ्याच घासाला दाताखाली रेती यायची. दोनदा गंजभर रस्सा फेकावा लागला, जीव हळहळला.

आधी चोळून चोळून धुतले; पण रेती आत असते, बाहेरून धुऊन निघत नाही. मग कोकणातल्या ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवले. ती रीत समुद्राच्या शिंपल्यांची. आपले गोड्या पाण्यातले. ते घट्ट मिटून बसले, सकाळी निम्मे मेलेले.

जमलं ते असं. घमेल्यात जाळीची चाळणी उपडी ठेवली, तिच्यावर शिंपले एका थरात, वरून नदीचंच स्वच्छ पाणी. औषध टाकलेलं नळाचं पाणी नको. चाळणीमुळे टाकलेली रेती खाली बसते, पुन्हा आत ओढली जात नाही. घमेलं सावलीत, पूर्ण एक दिवस. पाणी चारदा बदललं. पहिल्या पाण्याच्या तळाशी बोटभर गाळ होता!

शिजवण्याआधी उघड्या शिंपल्याला टिचकी मारा, मिटला नाही तर टाका. गंजात पेलाभर पाणी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. उकळी फुटली की शिंपले घालून झाकण. तोंडं उघडल्यावर आणखी पाच मिनिटं. न उघडलेले खाऊ नका.

खालचं पाणी ओल्या पातळ कपड्यातून गाळा, शेवटचा घोट गंजातच राहू द्या. वाढताना प्रत्येकाला त्या गाळलेल्या पाण्याची गरम वाटी. मांस तिच्यात खळबळून, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरून, ज्वारीच्या भाकरीसोबत.