हिस्टरी (पेशंटच्या तोंडून आजाराची हकिगत) घेताना आणि पेशंट तपासताना होणाऱ्या या चुका टाळा

सकाळी राउंडला केसपेपर हातात आला की माझी नजर आधी श्वसनाच्या आकड्यावर, म्हणजे मिनिटाला किती श्वास यावर, जाते. एका पेशंटचा १८, शेजारच्याचा १८, ज्याला मध्यरात्री ऑक्सिजन लावलाय त्याचाही १८. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय असं कागदावरून वाटावं. मोजलेलं कुणीच नसतं. आदल्या पानावर १८ होतं म्हणून या पानावर १८. पेशंट बिघडायला लागला की जे आकडे सगळ्यात आधी हलतात त्यातला हा एक, आणि नेमका तोच आपण मनाने लिहितो.

मोजणं अवघड नाही. पल्स बघून झाली की हात मनगटावर तसाच ठेवायचा आणि गुपचूप छातीकडे बघत श्वास मोजायचे. "आता तुमचे श्वास मोजतो" असं सांगितलं की पेशंटचा श्वास बदललाच म्हणून समजा.

वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघून वैतागलोय, म्हणून हे लिहायला बसलो. पुस्तकी क्रम शोधू नका. ज्या चुकीचा मला जास्त राग येतो तिला इथे जास्त जागा मिळाली आहे.

पेशंटचा शब्द टाकून आपला शब्द लिहिणं

पेशंट म्हणतो, "चक्कर येते." आपण लिहितो, व्हर्टिगो, म्हणजे सगळं गरगर फिरल्यासारखं वाटणं. झालं, केस तिथेच बिघडली.

चक्कर या एका शब्दात मराठी माणूस चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. कुणाला खोली गरगर फिरताना दिसते. कुणाला उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणाचा चालताना तोल जातो, पण पडून राहिलं की काही नाही. आणि कुणाला नुसतं गळून गेल्यासारखं होतं, तरी तोही चक्करच म्हणतो. गरगरण्याची वाट बहुतेक वेळा कानाकडे जाते, अंधारीची हृदयाकडे आणि रक्तदाबाकडे, तोल जाण्याची मज्जासंस्थेकडे. गळून जाण्याची वाट कुठेही जाऊ शकते. रस्ता पहिल्याच वाक्यात चुकला तर पुढचे दहा प्रश्न हुशारीने विचारून काय उपयोग?

एका इंटर्नने एकदा मला अशीच केस सांगितली. साठी उलटलेले गृहस्थ, आठ दिवसांपासून व्हर्टिगो, बीपी-शुगर नाही, कुठलंही औषध चालू नाही, पल्स ७८. चक्करच्या गोळ्या आदल्या रात्रीच सुरू. सांगण्याची पद्धत झकास, एकही अडखळ नाही. ऐकता ऐकता मी पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवली. एक ठोका लागला आणि दुसऱ्याची वाट बघावी लागली. मिनिटभर मोजले, ४४ भरले.

"काका, चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं?"

"उठलो की डोळ्यांपुढे काळं होतं बघा. भिंत धरून थांबतो. मग जरा वेळाने बरं वाटतं."

फिरत काहीच नव्हतं. "औषध काय चालू आहे?"

"नाही हो, गोळी एकही नाही."

"गोळी सोडा. मलम, पंप, थेंब, इंजेक्शन, काहीही?"

"थेंब आहेत की. डोळ्यांचे, काचबिंदूचे. दहा-बारा दिवस झाले."

उशाच्या पिशवीतून बाटली निघाली. टिमोलॉल. बीटा ब्लॉकर आहे तो, हृदयाचे ठोके मंदावणारं औषध. डोळ्यात घातलेला थेंब अश्रूनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथल्या आवरणातून सरळ रक्तात जातो. पोटात घेतलेल्या गोळीला आधी यकृत ओलांडावं लागतं, तसं याला लागत नाही. त्यामुळे एवढ्याशा थेंबानेही नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. ईसीजी काढला, डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून थेंब बदलून घेतले. तिसऱ्या दिवशी पल्स साठीच्या वर होती आणि काका भिंतीला हात न लावता बाथरूमला जाऊन येत होते.

इंटर्नने खोटं सांगितलं नव्हतं, त्याला खरंच तसं सांगितलं गेलं होतं. एक ७८ सोडून. त्याचा हिशेब मी त्याच्याकडून नंतर, बाजूला घेऊन घेतला.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: मुख्य तक्रार पेशंटच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहायची. वैद्यकीय शब्द खाली निदानाच्या रकान्यात, तोही तपासणी झाल्यावर. आणि "औषधं चालू आहेत का" हा प्रश्न मी विचारतच नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात, नाकात, डोळ्यांत, कातडीवर काय काय घेता आणि लावता, असं विचारतो. मग पिशवी दाखवायला सांगतो. पिशवी कधी खोटं बोलत नाही.

'पित्त' हा तर चकरेहून बिलंदर शब्द. छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धं डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. हार्ट अटॅकच्या दुखण्यालाही पेशंट पित्त नाहीतर गॅस म्हणतो, आणि घाईतला डॉक्टर ते तसंच उचलून अँटासिड लिहून देतो. 'अशक्तपणा' म्हटलं तर हाताची ताकद गेलीय की नुसता थकवा आहे? 'मुंग्या' म्हणजे झिणझिण्या की बधिरपणा? 'जुलाब' म्हणजे दिवसातून किती वेळा, आणि पाण्यासारखे की नुसते पातळ? प्रत्येक शब्दाला एकदा तरी "म्हणजे काय होतं?" विचाराच.

मध्येच तोडणं

१९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटचं बोलणं रेकॉर्ड करून अभ्यासलं. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला अडवत होते. ७४ पैकी फक्त १७ भेटींमध्ये पेशंटला सुरुवातीचं म्हणणं पुरतं मांडता आलं. "आमच्याकडे गर्दी असते, एवढा वेळ कुणाला आहे?" हे मला तोंडपाठ झालंय. एकदा घड्याळ लावून गप्प बसून बघा. बहुतेक माणसं दीड-दोन मिनिटांत आपणहून थांबतात, आणि तुम्ही विचारणार होता त्यातलं निम्मं सांगून मोकळी झालेली असतात.

ज्यांना हिस्टरी म्हणजे रिपोर्ट येईपर्यंतचा टाइमपास वाटतो त्यांच्यासाठी आणखी एक आकडा. १९७५ मध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ओपीडीत ८० नवे पेशंट पाहिले. त्यातल्या ६६ जणांचं शेवटी ठरलेलं निदान रेफरल चिठ्ठी वाचून आणि हिस्टरी घेऊनच बांधलं गेलं होतं. तपासणीने ते बदललं ७ जणांत, प्रयोगशाळेने ७ जणांत. काळ बदलला, मशीनं आली, मान्य. पण कुठलं मशीन लावायचं हे अजूनही पेशंटच्या तोंडूनच कळतं.

चादरीवरून तपासणी

ही चूक माझी स्वतःची. मी रेसिडेंट होतो, रात्रीचे दोन वाजले होते. सत्तरी ओलांडलेल्या, किडकिडीत आजी. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेलं, दुखतंय. जुलाब नाहीत. तरी मी गॅस्ट्रो लिहून मोकळा झालो. जुलाब नसलेला गॅस्ट्रो! चादर कमरेपर्यंत होती, ती तशीच ठेवून बेंबीच्या वरखाली हात फिरवला आणि लिहिलं, पोट मऊ, बाकी एनएडी, म्हणजे काही वावगं आढळलं नाही. सलाइन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि जाऊन झोपलो.

सकाळी सर्जन आले. त्यांनी एकच विचारलं, "खालपर्यंत बघितलंस?" मी गप्प. पडदा ओढला, सिस्टरना बोलावलं, आजींना विचारून चादर खाली घेतली. उजव्या जांघेच्या घडीखाली सुपारीएवढी गाठ. घट्ट, हात लावू देईना, खोकल्यावर हलेना. अडकलेला फीमोरल हर्निया, म्हणजे जांघेखालच्या वाटेने बाहेर येऊन अडकलेलं आतडं. ऑपरेशनमध्ये आतड्याचा बोटभर तुकडा काळा पडलेला निघाला, तो कापावा लागला. आजी वाचल्या. नंतर ड्रेसिंगच्या वेळी म्हणाल्या, "गाठ तर महिन्यापासून आहे रे बाळा. पण उलटीचा आणि तिचा काय संबंध?"

एनएडी म्हणजे 'नॉट अ‍ॅक्चुअली डन' असा एक जुना विनोद डॉक्टरांत चालतो. त्या सकाळपासून मला त्याचं हसू आलेलं नाही.

आता उलट्या आणि फुगलेलं पोट असलं की मी दोन्ही जांघा आधी बघतो, पोट नंतर. पोटाची तपासणी म्हणजे छातीपासून गुडघ्यापर्यंत, असं जुने सर्जन सांगतात ते उगाच नाही. मात्र उघडं करायचं ते विचारून, पडद्याआड, सोबत सिस्टर किंवा दुसरं कुणी असताना, आणि बघून झालेला भाग लगेच झाकून. लाज पेशंटला वाटते तशी आपल्यालाही वाटते. आपल्या लाजेला आपण 'पेशंटचा मान राखणं' असं गोंडस नाव देतो, एवढंच.

पोटावरच आहे म्हणून सांगतो: जिथे दुखतं तिथून हात लावायला सुरुवात करू नका. दूरच्या कोपऱ्यातून या, हात गरम करून या, आणि नजर हाताकडे नको, पेशंटच्या चेहऱ्याकडे हवी. आवाज ऐकायचे ते दाबण्याआधी. यकृत असो की प्लीहा, बोटं उजव्या खालच्या कोपऱ्यातून वर न्यायची. मधूनच सुरुवात केली तर फार वाढलेल्या प्लीहेवरच हात ठेवून ती शोधत बसाल.

बीपीचे गोल आकडे

१२०/८०, १३०/८०, पुन्हा १२०/८०. पाऱ्याच्या यंत्रावर रेघा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. त्यावर घेतलेलं बीपी १२५/८५ असं लिहिलेलं दिसलं की मी विचारतो, "ही १२५ ची रेघ मला दाखव." अजून कुणी दाखवलेली नाही.

बाहीवर कफ बांधणं, जिने चढून आलेल्याचं लगेच घेणं, हात लोंबकळत ठेवणं, घेताना गप्पा मारणं, या सगळ्याने आकडा चुकतो. पाच मिनिटं बसवा, पाठीला टेका, पाय एकमेकांवर नकोत, हात हृदयाच्या पातळीत टेकलेला. जाड दंडाला छोटा कफ लावलात तर बीपी खोटं वाढलेलं येईल आणि त्या माणसाला जन्मभराची गोळी लागेल. कफच्या आतला फुगा दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के तरी हवा. आणि आधी मनगटाची नाडी बंद होईपर्यंत फुगवून बघा. काहींमध्ये आवाज मध्येच गायब होऊन खाली परत सुरू होतात. थेट स्टेथो लावणारा तिथे वरचा आकडा चुकतो.

बाकीच्या, पटापट

बोटाला ऑक्सिमीटर लावून पल्स लिहिणं. आकडा मिळतो, ठोके अनियमित आहेत हे मात्र बोटांनाच कळतं.

शर्टावरून स्टेथो. कापडाच्या घर्षणाला क्रेप्स (फुफ्फुसातली चरचर) म्हणणारे मी पाहिलेत.

फक्त पुढून छाती ऐकणं. फुफ्फुसांचा खालचा भाग पाठीकडे आहे. पेशंटला उठवायचा कंटाळा येतो, हे खरं कारण.

पर्कशन (बोटाने ठोकून आवाज ऐकणं) करताना डाव्या हाताची सगळी बोटं छातीवर पसरणं. एकच बोट घट्ट टेकवा, बाकीची उचला, नाहीतर आवाज दबतो. ऑएनब्रुगरने ही पद्धत १७६१ मध्ये मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा, पिंपं ठोकून आत किती भरलंय ते ओळखणं त्याने लहानपणी पाहिलेलं, असं सांगतात. तुम्ही मात्र एक भरलेलं आणि एक रिकामं पिंप खरोखर ठोकून बघा.

क्लबिंग (बोटांची टोकं फुगून नखं गोलसर होणं) 'असावं' असं लिहिणं. दोन बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरा, मधली चौकटीसारखी फट दिसते की नाही बघा; क्लबिंगमध्ये ती बुजते. ही खूण लिओ शॅमरॉथ या हृदयरोगतज्ज्ञाने स्वतःच्याच बोटांवर टिपली होती, हृदयाच्या झडपेच्या संसर्गाने तो आजारी असताना.

नातेवाइकाने उत्तरं देणं आणि आपण ती लिहून घेणं. त्यांचंही ऐका, पण दोन मिनिटं पेशंटशी एकट्याने बोला. दारू, पाळी, मार बसणं, यातलं काहीही मुलासमोर किंवा नवऱ्यासमोर खरं निघत नाही.

आदल्या डॉक्टरची हिस्टरी उतरवून घेणं. त्याची चूक तुमच्या अक्षरात पक्की होते.

आणि तपासलं नसेल तर तसं लिहा. "गुदद्वारातून तपासणी: केली नाही, पेशंटने नकार दिला, रात्री ११.४०, सकाळी पुन्हा विचारणे." अशी ओळ लिहिणाऱ्या इंटर्नवर मी आजवर कधी ओरडलेलो नाही.