रुग्णाची चीड येते तेव्हा आधी खोली पाहावी

सकाळी अकराच्या सुमारास ओपीडीच्या दाराशी नंबर पुकारले जात असतात, टेबलावर केसपेपरांची चळत वाढत असते आणि गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने आलेला रुग्ण तीच तक्रार तिसऱ्यांदा सांगू लागतो. अशा वेळी मनात उठणारी चीड त्याच्यामुळेच आली, असे नवख्या समुपदेशकाने लगेच मानू नये.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१० मध्ये ‘काउंटरट्रान्स्फरन्स’ (रुग्णाविषयी उपचारकाच्या मनात उठणाऱ्या भावना) ही संज्ञा मांडली, तेव्हा उपचारकाच्या या भावना त्याला अडथळा वाटत होत्या. १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी त्यांनाच रुग्णाला समजून घेण्याचे साधन मानले. दोन्ही मते बंद दाराच्या निवांत खोलीत घडली, आणि तशी खोली आपल्यापैकी थोड्यांनाच मिळते.

म्हणून महिनाभर एक वही ठेवावी. प्रत्येक सत्रानंतर जागा, वेळ, सोबत कोण बसले होते आणि रुग्ण आपणहून आला की त्याला आणले गेले, हे आधी लिहावे. भावना शेवटी लिहावी, कारण ती आधी लिहिली की तिच्यावर रुग्णाचे नाव चिकटते.

वॉर्डातील नोंदी अधिक बारकाईने कराव्यात. एकच रुग्ण रात्रपाळीच्या सिस्टरांवर खेकसतो आणि सकाळी आपल्यापुढे डोळे पुसतो. मग सिस्टर आपल्याला कठोर वाटतात, आपण त्यांना भाबडे वाटतो. राउंडनंतर प्रत्येकाने आपल्याला काय वाटले ते सांगितल्याशिवाय निदानाची चर्चा सुरू करू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या बाजूने नेमलेल्या व्यक्तीच्या) अर्जावरून रुग्णाला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. असे दाखल केलेल्या रुग्णापुढे उगाच गोड बोलावेसे वाटले, तर ती आपली अपराधी भावना असू शकते.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील खाजगी क्लिनिकात फीचा प्रश्न आड येतो. पुढच्या वेळी हा येईल ना, या धास्तीने पन्नास मिनिटांचे सत्र सव्वा तासावर जाते आणि आपण त्याला तळमळ म्हणतो (मीही म्हणत असे). व्हिडिओवर घेतलेल्या सत्राचा थकवा मात्र बहुधा पडद्याचाच असतो.

महिन्याअखेरीस वही चाळावी. एकाच जागी अनेकांविषयी तीच चीड दिसली, तर वेळ आणि बसण्याची व्यवस्था बदलून पाहावी; जागा बदलूनही ती एकाच रुग्णामागे येत असेल, तर सुपरव्हिजनमध्ये (अनुभवी समुपदेशकासोबतच्या चर्चेत) मांडावी. वहीत नावे लिहू नयेत, खुणा वापराव्यात. कोल्हापुरात वही चुकून कोणाच्या हाती लागली, तर तो रुग्णाचा मावसभाऊ निघण्याची शक्यता बरीच असते.