गुलाबावरचा लाल कोळी: औषधाआधी नत्राची बेरीज मांडा

व्हॅलेंटाईनची तोड उरकली की लग्नसराई गाठायची म्हणून मावळ पट्ट्यातले पॉलीहाऊसवाले ड्रिपमधून खत वाढवतात. नेमका तेव्हाच उन्हाचा चटका सुरू होतो आणि मार्च सरायच्या आत पानांमागे लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसतो. मग औषधामागून औषध. खत मात्र कोणी मोजत नाही.

नत्र (नायट्रोजन) जादा होतंय का विचारले की "युरिया कधीच बंद केलाय," हे उत्तर ठरलेले. अहो, पण १ किलो १९:१९:१९ या विद्राव्य खतात (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) १९० ग्रॅम नत्र आहे. कॅल्शियम नायट्रेटमध्ये किलोला १५५ ग्रॅम. पोटॅश म्हणून सोडता त्या १३:०:४५ मध्येही १३० ग्रॅम. वर दुकानदाराने गळ्यात मारलेले अमिनोचे टॉनिक. आठवड्याची बेरीज आजच वहीत मांडा.

नत्र जादा झाले की पानाच्या रसात अमिनो आम्ले वाढतात, त्यावर पोसलेली मादी जास्त अंडी घालते. ३० अंशांच्या आसपास अंड्यातून निघालेली मादी आठ-दहा दिवसांत स्वतः अंडी घालायला लागते. पंधरवड्याने बघू म्हणालात तर जाळ्या कळीपर्यंत चढलेल्या असतील.

पान प्रयोगशाळेत तपासून घ्या. कळीला रंग आलेल्या दांडीवरचे, वरून पहिले, पाच छोट्या पानांचे पूर्ण पान द्यायचे. ३ ते ५ टक्के नत्र पुरेसे धरतात. पाच टक्क्यांच्या जवळ असाल तर नत्र कमी करा, पोटॅशसाठी ०:०:५० वापरा. नत्र एकदम बंद करू नका, दांडी बारीक पडते. माझा अंदाज, उन्हाळ्यात चौथा हिस्सा कमी केला तरी फुलाला फरक पडत नाही; आधी दोन बेडवर करून पाहा. काळपट हिरवा, लुसलुशीत पाल्याचा बेड कोळी आधी धरतो, हेही अनुभवाचेच. भिंग तिथूनच सुरू करा.

बाकी कामे:
- जाळी धरलेली पाने पिशवीत भरून बाहेर, जाळणे
- बेडमधले तण काढणे
- पाण्याचा ताण न देणे
- दाराजवळचे व कडेचे बेड दोनदा पाहणे

फवारणी लागलीच तर अबामेक्टिन १.९ ईसी, लिटरला अर्धा मिली, पानाच्या खालून. पुढची फवारणी वेगळ्या रासायनिक गटातल्या औषधाची. हेक्झिथायाझॉक्स अंडी व पिल्लांवर चालते, मोठा कोळी त्याने मरत नाही. 'औषध फेल गेलं' म्हणून दुकानात जाण्याआधी हे आठवा. पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला २ ग्रॅम, स्वस्तात काम करते, पण तापमान ३२ अंशांच्या वर गेले की पाने भाजतात, तेव्हा सकाळीच उरका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड नकोच. त्याने कोळी खाणारे मित्रकोळी आधी मरतात आणि लाल कोळ्याला रान मोकळे मिळते.