पत्रांना क्रमांक घाला

छावणीतून धाडलेली पत्रे धाडल्या क्रमाने घरी पोहोचतीलच असे नाही. मग "आता ताप उतरला आहे" हे पत्र आधी हाती पडते आणि ताप चढल्याचे मागाहून येऊन घरच्यांना पुन्हा घोर लावते.

१. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ठळक क्रमांक आणि तारीख घालावी. घरच्यांनीही आपल्या पत्रांना वेगळे क्रमांक द्यावेत.

२. पहिल्याच ओळीत "तुमचे क्र. १४ पर्यंत मिळाले, १२ मिळाले नाही" असे लिहावे, म्हणजे गहाळ पत्रातील पैशांचा किंवा आजारपणाचा मजकूर पुन्हा कळवता येतो आणि उत्तर आले नाही म्हणून कोणी रुसतही नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ हीच.

३. वहीच्या शेवटच्या पानावर क्रमांक, तारीख आणि विषय दोन शब्दांत टिपून ठेवावा. रेंज अधूनमधूनच मिळत असेल, तर मोबाईलवरच्या निरोपांनाही हीच पद्धत लावावी.

मात्र तुकडीचे ठिकाण, हालचाल किंवा रजेची नेमकी तारीख पत्रात लिहू नये आणि मोबाईल वापरण्याबाबत छावणीत जे नियम असतील ते काटेकोरपणे पाळावेत.